सापडल्याचं ठिकाण

१

मी कॉम्प्युटरचा माणूस. वीस वर्षं डेटा इकडून तिकडे हलवण्यात गेली, आधी हिंजवडीत आणि गेली नऊ वर्षं सिडनीत. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर भरपूर टर उडवली आहे. त्यामुळे हे सांगताना मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण सरिता म्हणाली, प्रल्हाद, एकदा लिहून काढ आणि मोकळा हो. सरिता म्हणजे माझी बायको. तिचं ऐकलेलं बरं असतं.

मागच्या डिसेंबरात मला इथल्या एका युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, छोट्या म्युझियममध्ये काम मिळालं. त्यांच्याकडे पपायरसचे, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, जुने तुकडे आहेत. बहुतेक ग्रीक. कुठे कोणाचं पत्र, कुठे शाळेतल्या मुलाचा गृहपाठ, आणि काही बायबलची पानं, सोळाशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली. प्रत्येक तुकडा दोन काचांमध्ये बंद आणि प्रत्येकाचं एक टाईप केलेलं कार्ड. कार्डांवरची माहिती नव्या सिस्टिममध्ये भरायची, एवढंच माझं काम. ग्रीक मला ओ की ठो कळत नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

तिथली क्युरेटर ब्रॉनविन. साठीची बाई, केसांत पेन्सिल खोचलेली, तोंडात सदा काहीतरी चघळत असलेली. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाकी काहीही चुकलं तरी निस्तरता येईल, पण ‘सापडल्याचं ठिकाण’ हा रकाना चुकवायचा नाही. कुठून आला ते माहीत नसलेला तुकडा तिच्या लेखी बेवारस.

आणि ८७ नंबरच्या कार्डावर नेमका तोच रकाना कोरा निघाला. तुकडा बायबलमधल्या एका स्तोत्राचा, माझ्या तळहाताएवढा, कडेने कुरतडल्यासारखा. सिस्टिम रिकामा रकाना घेईना. ‘अज्ञात’ लिहिलं तर तेही घेईना. शुक्रवारची दुपार होती आणि ब्रॉनविन डेंटिस्टकडे गेलेली. मग आमच्या धंद्यातला कोणीही जे करेल तेच मी केलं, टेस्ट डेटा भरला. कोणी एबीसी टाकतो, कोणी आपल्या कुत्र्याचं नाव टाकतो. मी पहिल्या नोकरीपासून घरचा पत्ता टाकत आलोय, कारण तो खरा असतो आणि कुठलीही सिस्टिम त्याला नाही म्हणत नाही. आमच्या पेंडल हिलच्या घराचा नंबर, रस्ता, पोस्टकोड, सगळं व्यवस्थित. सोमवारी ब्रॉनविनला विचारून बदलू असं म्हणालो, सेव्ह केलं आणि चारची ट्रेन पकडली.

२

शनिवारी सकाळी सरिता केर काढता काढता माझ्यावर घसरली. बूट घालून घरात कोण आलं, विचारायला लागली. पॅसेजमध्ये वाळू होती. फार नाही, चिमूटभर इथे, चिमूटभर तिथे, पण भिंतीच्या कडेने सरळ रेघ ओढल्यासारखी. मी म्हणालो, स्पृहा पार्कमधून घेऊन आली असेल. स्पृहा आमची मुलगी, नऊ वर्षांची. तिने ‘नॉट मी’ म्हणून हात वर केले. मग मी शेजारच्यांच्या नव्या ड्राइव्हवेवर ठपका ठेवला. तिथे गेला आठवडाभर खणाखणी चालू होती, तेव्हा ते पटण्यासारखं होतं.

दुपारी पुन्हा झाडलं, पुन्हा वाळू. रविवारी चादरीच्या घडीत, आणि संध्याकाळी कणकेच्या डब्यात. सरिताने अख्खा डबा ओतून दिला आणि शेजाऱ्यांचा उद्धार केला. मी व्हॅक्यूमची पिशवी मागच्या अंगणात रिकामी केली तेव्हा जरा थबकलो. सिडनीची वाळू मला माहीत आहे, पिवळी आणि जाडसर. ही पिठासारखी होती, फिकट. तिच्यात काडीकचरा होता, गवताचा बारीक भुसा. कोरडा, जुन्या गोणपाटासारखा वास येत होता.

बाहेर चाळीस डिग्री ऊन पडलं होतं. अशा उन्हात माणसाला काहीही वाटू शकतं, असं मी स्वतःला बजावलं आणि पिशवी झटकून आत आलो. आत सरिता एक स्टीलची वाटी शोधत होती. सहाचा सेट, पाचच सापडत होत्या.

३

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी ८७ उघडला. वर हिरवा शिक्का, ‘प्रकाशित’. शनिवार-रविवारी सिस्टिम आपली आपण नोंदी प्रकाशित करते हे मी साफ विसरलो होतो, आणि ती सोय मीच चालू केली होती. आता तो रकाना बदलायचा तर दोन गोष्टी लागणार होत्या, क्युरेटरची मंजुरी आणि खऱ्या ठिकाणाचा लेखी पुरावा.

ब्रॉनविनला सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? वीस वर्षांचा अनुभव म्हणून मिरवणारा माणूस शिकाऊ पोरासारखी चूक करतो, तीही तिने बजावलेल्या एकमेव रकान्यात. म्हटलं, दोन दिवसांत गुपचूप पुरावा शोधू आणि मग सांगू. माझा हा असला ताठा मला नडणार हे आई नेहमी म्हणायची.

मी नोंद बंद करणार तेवढ्यात खाली नजर गेली. ‘सोबत सापडलेल्या वस्तू’ म्हणून एक रकाना असतो. मी तो रिकामा सोडला होता. आता तिथे लिहिलं होतं, ‘वाटी, स्टील, एक’.

कोणी लिहिलं ते सिस्टिम सांगते. माझंच नाव होतं. वेळ रविवारी संध्याकाळची, जेव्हा मी अंगणात पिशवी झटकत होतो. आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. मग वाटलं, घरच्या टॅबवर माझं लॉगिन उघडं राहिलं असेल आणि स्पृहाने काहीतरी खेळ केला असेल. हे दुसरं कारण मला इतकं आवडलं की मी त्याची खातरीही केली नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातली दिनदर्शिका पाहिली. जानेवारीचं पान, नवं कोरं. त्याची कड तपकिरी झाली होती. बोट लावलं तर चुरा पडला.

४

मंगळवारी वस्तूंमध्ये केसांची क्लिप आली. बुधवारी लाटणं, ‘दोन तुकडे’. दोन्ही घरातून गेलेली होती. मी टॅब तपासला. चार्जिंग संपून तो आठवडाभर कपाटात पडला होता.

बुधवारी चहाच्या वेळी मी ब्रॉनविनला सहज विचारल्यासारखं विचारलं की हे तुकडे तिकडे सापडतात तरी कुठे. ती खूश झाली. लॅमिंग्टन केकचा तुकडा मोडत सांगायला लागली. काही पोथ्या मठाच्या भिंतीमागे बुजवलेल्या खोलीत मिळाल्या, काही रांजणात. पण ढिगाने मिळाले ते उकिरड्यांत. वाळवंटाच्या कडेची गावं, कालव्याला पाणी येईनासं झालं आणि लोक उठून गेले. वाळूने घरं भरली. पाऊस नाही, म्हणून कागद टिकला. मग शेकडो वर्षांनी मजूर आले, ओळीने बसून खरवडायचे आणि टोपल्यांतून वाळू बाहेर न्यायचे.

“चित्र मोठं रम्य वाटतं,” ती म्हणाली, “पण एक लक्षात ठेव. एखादी गोष्ट सापडायची, तर आधी तिथे कोणी उरलेलं नसावं लागतं.”

माझ्या हातातला चहा गार झाला.

त्या दिवशी मी लवकर घरी आलो. सरिता सकाळची पॅथॉलॉजीची शिफ्ट करून एकला येते, सुट्टीतल्या व्हेकेशन केअरमधून स्पृहाला घेऊन. दोघी बाहेरच्या खोलीत होत्या. मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. स्पृहाच्या खोलीकडून आवाज येत होता, जमिनीखालून. खरड, खरड, मग थांबणं. मग काहीतरी जड अलगद खाली ठेवल्याचा आवाज. पुन्हा खरड. घाई अजिबात नव्हती. शेजारी कामगार नव्हते, बुधवारी ते येतच नाहीत. उंदीर असतील, पॉसम असेल, पाईप तापून कुरकुरत असतील, मी एकामागून एक कारणं लावत होतो आणि प्रत्येक कारणाला तो आवाज थोडा थांबायचा, ऐकल्यासारखा.

स्पृहा मागे येऊन उभी राहिली होती. मी तिला विचारलं, घाबरलीस का. तिने नाही म्हणून मान हलवली.

“दे आर नॉट लाउड, बाबा,” ती म्हणाली. “दे आर बीइंग व्हेरी केअरफुल.”

त्या रात्री तिला आमच्या खोलीत झोपवलं. सरिताला सांगितलं, एसी तिकडे नीट चालत नाहीये.

५

गुरुवारी दुपारी दोन वाजता मी ८७ उघडला. वस्तूंच्या यादीत नवी ओळ होती. ‘मानवी अवशेष. बालक. वय’, आणि पुढे रिकामं. शेवटी कर्सर लुकलुकत होता. मी कीबोर्डला हात लावला नव्हता. कोणीतरी पलीकडे थांबलं होतं, मोजमाप झालं की आकडा भरायला.

मी सरिताला व्हिडिओ कॉल लावला. स्पृहा कुठाय, विचारलं. ती म्हणाली, आपल्या खोलीत, अर्ध्या तासापासून वाचत बसलीये, आज शहाण्यासारखी गप्प आहे. मी म्हणालो, तिला बाहेर काढ. माझा आवाज ऐकून तिने कारण विचारलं नाही. फोन हातात धरूनच ती गेली. दार उघडेना. तिने धक्का दिला, हाका मारल्या. दार फुगलं असेल म्हणाली, पण तिचा आवाज रडवेला झाला होता. आतून काही अडकलंय, म्हणाली, पोतं ठेवल्यासारखं.

पेंडल हिलला पोचायला मला किमान पाऊण तास लागला असता. मला धावत सुटायचं होतं आणि त्याच वेळी कळत होतं की धावून उपयोग नाही. सरिताला म्हणालो, मागे जा, खिडकीकडे. आणि ब्रॉनविनच्या खोलीत शिरलो.

एका क्षणात मनात येऊन गेलं की तिथे दुसराच पत्ता टाकावा. कुठलाही. ब्रॉनविन पाठमोरी उभी होती, मंजुरीचं पान तिच्या स्क्रीनवर उघडंच होतं, मी त्यात ८७ उघडला; पुराव्याच्या जागी काहीही चिकटवता आलं असतं. एखादा मॉल, एखादं अनोळखी घर. हात तिथवर गेलाही होता. पण त्या घरातही कोणीतरी दार ठोठावत असेल ना.

मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. पत्ता माझा आहे, मी टाकलाय, घरात वाळू आहे, माझी मुलगी आत आहे. ब्रॉनविनने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनवरच्या त्या ओळीकडे. चघळणं थांबवलं. मला वाटलं होतं ती सिक्युरिटीला बोलावेल.

“आधी तुकडा परत जागेवर लावू,” ती म्हणाली. “बाकी नंतर.”

ती कपाटाकडे गेली. ८७ ची काच काढून टेबलावर पालथी घातली. मागच्या बाजूला जुनी तपकिरी कागदी पट्टी कडेने चिकटवलेली होती. ती पातळ सुरी घेऊन पट्टी सोडवायला लागली, सावकाश, कारण घाई केली तर काच तडकली असती आणि तुकड्याचा भुगा झाला असता. मी तिला घाई कर म्हणू शकलो नाही. ती एक एक इंच सोडवत होती आणि माझ्या हातातल्या फोनवर सरिता घराला वळसा घालून धावत होती. वाळलेलं गवत, कुंपण, कपड्यांची दोरी दिसली, आणि मग खिडकी.

“पडदा ओढलाय,” सरिता म्हणाली. “काही दिसत नाहीये रे.”

माझ्या फोनवर पडदा नव्हता.

खोलीला छप्पर नव्हतं. वरून पांढरं ऊन सरळ आत पडत होतं. भिंती छातीएवढ्या उरल्या होत्या, रंग उडालेल्या, पण कोपऱ्यातल्या, स्पृहाची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा मी ओळखल्या. पलंगाच्या जागी वाळू होती. तीन पाठी वाकलेल्या होत्या, डोक्याला फडकी गुंडाळलेल्या. शेजारी टोपली. मधला माणूस हाताने वाळू बाजूला सारत होता, झोपलेल्याच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तशी. मग तो थांबला. त्याने दुसऱ्यांना काहीतरी खूण केली आणि तिघंही जवळ सरकले. तो अजून खाली वाकला आणि फुंकर घालायला लागला.

“मिळालं,” ब्रॉनविन म्हणाली.

पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, ज्याने तो तुकडा काढला त्याच्या हाताने. गावाचं नाव, ढिगाऱ्याचा नंबर, आणि पुढे ‘घर, मागची खोली’. ब्रॉनविनने फोटो काढून पुरावा म्हणून जोडला आणि मंजुरी दिली. तिने एक एक अक्षर उच्चारलं आणि मी टाईप केलं. गावाचं नाव दोनदा चुकलं. सेव्ह दाबलं. ते गोल चक्र फिरत राहिलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मी देव मानत नाही, पण त्या वेळात मी आठवतील तेवढ्या सगळ्यांना हाका मारल्या.

चक्र थांबलं. वस्तूंची यादी कोरी झाली.

फोनमध्ये आता निळा पडदा दिसत होता, मासोळ्यांचं चित्र असलेला. सरिता खिडकीपाशी नव्हतीच, ती परत आत पळाली होती. दार सताड उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझ्या मुलीचा चिडका आवाज, मला कशाला उठवलं म्हणून. ती जमिनीवर पुस्तकावर गाल ठेवून झोपली होती. सरिता तिला मिठी मारून रडत होती आणि स्पृहा म्हणत होती, “आई, स्टॉप, यू आर स्क्विशिंग मी.”

मी म्युझियमच्या जमिनीवर बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. ब्रॉनविनने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, उद्या येऊ नकोस, नो वरीज.

६

सरिताला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. मला वेड्यात काढलं, मग दाराचं बिजागर तपासलं. शेवटी विचारलं, ती बाई काय म्हणाली होती नक्की, कोणी उरलेलं नसावं लागतं? मी हो म्हणालो.

शनिवारी तिने घरी जेवायला लोक बोलावले. दोन-चार नव्हे. माझा मित्र निनाद आणि त्याचं कुटुंब, तिच्या लॅबमधल्या तिघी, समोरचे तमिळ आजी-आजोबा, स्पृहाच्या वर्गातली सहा मुलं, आणि ब्रॉनविनसुद्धा. स्टेशनजवळच्या दुकानातून पाव आणले, मोठ्या पातेल्यात भाजी केली. दुपारी बारापासून आमचं घर इतकं गजबजलं की पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं ओल्या पायांनी पॅसेजमधून धावत होती, कोणी दारं आपटत होतं, निनाद कराओके लावून बेसूर गात होता. एरवी मी वैतागलो असतो. त्या दिवशी मी प्रत्येक खोलीत जाऊन उभा राहत होतो आणि नुसता ऐकत होतो. छातीवरची धोंड उतरली होती. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चारच्या सुमारास मी स्पृहाच्या खोलीत डोकावलो. ती एकटी होती, भिंतीला पाठ लावून पाव खात बसलेली. जमिनीवर वाळूचा कण नव्हता. मी विचारलं, आता काही ऐकू येतं का.

“नो. दे लेफ्ट.” तिने पाव चावला. “थर्सडेला. त्यांनी सॉरी म्हटलं. रॉन्ग हाउस.”

मी हसलो. खरंच हसलो, पोट धरून, आणि तीही हसायला लागली. तिला उचलून घेतलं. ती आता उचलून घेण्याएवढी लहान राहिलेली नाही, पाठीत उसण भरली, तरी सोडलं नाही.

मग ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, “बाबा, राईट हाउस कुठे आहे? तिथे किड्स आहेत?”

त्या घराचा पत्ता मीच टाईप केला होता. मी तिला सांगितलं की त्या घरातले लोक सोळाशे वर्षांपूर्वीच गाव सोडून गेले, तिथे आता कोणी नाही. तिला ते पटलं आणि ती पाव संपवून खेळायला पळाली. मलाही पटतं, बहुतेक वेळा.